कोणताही एक : चिठ्ठीपासून 'सी' भाषेपर्यंत

आमच्या मंडळाच्या शारदोत्सवात सरस्वतीपूजनाचा मान दरवर्षी एका बालकास मिळतो. तो कोणास द्यावा, याचा निर्णय चिठ्ठी टाकून करण्याची प्रथा जुनी आहे. मुलांची नावे मंडळाच्या नोंदवहीतून घेतली जातात. त्या वहीत घराण्यांचा क्रम मंडळात दाखल झाल्याच्या वर्षानुसार आहे. होळकरशाहीत इंदुरास आलेली घराणी आरंभी, नोकरी-व्यवसायानिमित्त अलीकडे आलेली कुटुंबे अखेरीस. गेल्या वर्षी ४६ नावे जमली. एका तरुण अभियंत्याने सुचविले की, चिठ्ठ्या करीत बसण्यापेक्षा संगणकाकडूनच नाव काढावे. त्याने 'सी' भाषेत दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहून आणली. आदल्या सायंकाळी तिची चाचणी झाली. एक नाव आले. आज्ञावली बंद करून पुन्हा चालविली. तेच नाव आले. तिसऱ्या खेपेसही तेच. ते नाव वहीच्या पहिल्याच पानावरच्या एका घराण्यातील मुलीचे होते. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ''यंत्रालाही वशिला कळतो म्हणायचा!'' सभागृहात हशा पिकला. परंतु वहीच्या शेवटच्या पानावरील दोन पालक हसले नाहीत, हे आमच्या ध्यानात राहिले.

चूक लहान होती आणि ती पुढे सांगूच. पण त्या न हसलेल्या दोन चेहऱ्यांनी आम्हांस विचारात पाडले. अनेकांतून 'कोणताही एक' निवडणे हे वरवर पाहता सर्वांत सोपे काम. त्याला ना बुद्धी लागते, ना पारख. तरीही माणसाने ते काम पाळीपाळीने हाताकडे, कोष्टकाकडे आणि यंत्राकडे सोपविले, आणि प्रत्येक वेळी कोणा ना कोणाच्या वाट्याला कमी आले. हा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले.

आपल्या देशात अशा निवडीचा सर्वांत तपशीलवार जुना दाखला तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथे आहे. पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ च्या सुमाराचे दोन शिलालेख तेथील मंदिराच्या भिंतीवर आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसे कशी नेमावीत, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. गावाच्या ३० भागांतून पात्र माणसांची नावे पानांवर लिहून घेत. वडीलधाऱ्या पुरोहिताने रिकामे मडके सर्वांना दिसेल असे उंच धरायचे. एका भागाची पाने त्यात टाकून चांगली हलवायची. मग आत काय आहे हे न जाणणाऱ्या एखाद्या लहान मुलाने एक पान काढायचे. ते पान घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर ते घ्यायचे आणि मोठ्याने वाचायचे. या एवढ्या सूचनांत तीन गोष्टी स्वच्छ दिसतात : काढणारा अजाण हवा, पाने नीट मिसळलेली हवीत आणि सारे काही सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवे. पसरलेली पाच बोटे हा काही शोभेचा तपशील नव्हे. मुठीत दुसरे पान लपविता येऊ नये, यासाठी तो नियम होता.

यांतील दुसरी अट सुटली म्हणजे काय होते, याचे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. व्हिएतनामच्या युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवावे, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टन येथे जन्मतारखांची सोडत झाली. वर्षाच्या ३६६ तारखा लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या होत्या. कुप्या महिन्यामागून महिना अशा क्रमाने पेटीत पडल्या. पेटी हलविली गेली, पण पुरेशी नाही. पुढे त्या काचेच्या बरणीत ओतून एकेक काढण्यात आली. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. सोडत सर्वांसमक्ष झाली, दूरचित्रवाणीवर देशाने पाहिली. फसवणुकीचा प्रश्नच नव्हता. परंतु संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडले, तेव्हा दिसले की, जानेवारीच्या तारखांचा सरासरी क्रम सुमारे २०१ आला होता आणि डिसेंबरच्या तारखांचा सुमारे १२१. निःपक्षपाती सोडतीत दोन्ही १८३ च्या आसपास यायला हवे होते. डिसेंबरात जन्मलेली मुले केवळ पेटीत शेवटी पडली म्हणून युद्धाच्या अधिक जवळ गेली. जुलै १९७० च्या पुढच्या सोडतीसाठी तारखांचा क्रम यादृच्छिक संख्यांच्या आधारे आधीच विस्कटून घेण्यात आला आणि तारखा व क्रमांक दोन वेगळ्या पिंपांतून काढण्यात आले.

हाताने केलेले मिश्रण पुरेसे नसते, ही गोष्ट संख्याशास्त्राला त्यापूर्वीच ठाऊक होती. म्हणूनच १९२७ साली इंग्लंडात एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांतून ४१,६०० अंक घेऊन यादृच्छिक अंकांचे पहिले मोठे कोष्टक छापले. कोठूनही आरंभ करावा, ओळीने अंक वाचत जावे आणि येईल त्या क्रमांकाची वस्तू निवडावी. १९५५ साली अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनने दहा लाख अंकांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते अंक विद्युत स्पंदनांवर चालणाऱ्या यंत्राने काढले होते. यंत्र फार काळ चालल्यावर त्याच्याही अंकांत किंचित कल शिरू लागल्याचे आढळले. मग अंकांची आपसांत बेरीज करून आणि हातचा सोडून देऊन तो कल घालवावा लागला.

अशी कोष्टके आपल्या शेतांपर्यंत आली, आणि ती आणणाऱ्यांत दोन मराठी नावे आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) लंडनहून संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन आले आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी पीककापणीच्या नमुना पाहण्यांचा पाया घातला. त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांची कारकीर्द आमच्या इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'मध्ये घडली. या दोघांचे कृषी-संख्याशास्त्रावरील पुस्तक १९५४ मध्ये परिषदेनेच प्रसिद्ध केले, आणि शेतकी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

तोवर पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. गावकामगाराने उभ्या पिकाकडे पाहायचे आणि सोळा आण्यांपैकी किती आणे पीक, ते सांगायचे. सारामाफी मिळायची की नाही, हे त्या नजरेवर अवलंबून. नव्या पद्धतीत गाव, गावातील शेत आणि शेतातील तुकडा, तिन्ही कोष्टकातील अंकांनी ठरू लागले. तुकड्याचा कोपरासुद्धा लांबी-रुंदीच्या दोन यादृच्छिक आकड्यांनी ठरायचा. कारण मोकळे सोडले तर माणसाचे पाऊल नकळत भरघोस पिकाकडे वळते, किंवा बांधाजवळच थांबते.

येथे एक लहानसे गणित पाहू, कारण पुढचा सारा विषय त्यावर उभा आहे. समजा, गावात ९६ शेते आहेत आणि कोष्टकातून ००० ते ९९९ यांपैकी एक आकडा निघतो. त्याला ९६ ने भागावे. बाकी ० ते ९५ यांपैकी काहीतरी येईल. तेच शेत निवडावे. पण ९६ ची १००० च्या आतली सर्वांत मोठी पट ९६०. म्हणजे ००० ते ९५९ या आकड्यांत प्रत्येक शेताला बरोबर दहा संधी मिळतात, आणि ९६० ते ९९९ हे चाळीस आकडे उरतात. तेही घेतले, तर पहिल्या चाळीस शेतांना अकरा संधी आणि बाकीच्यांना दहाच. म्हणून नमुनाशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात : ९६० वा त्याहून मोठा आकडा आला, तर तो सोडून द्यावा आणि पुढचा वाचावा. ज्या आकड्यांची समान वाटणी होऊ शकत नाही, ते कोणालाच द्यायचे नाहीत.

आता यंत्राकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पहिले इलेक्ट्रॉनिक संगणक चालू झाले, तेव्हा अणुविज्ञानाच्या गणितांसाठी त्यांना क्षणोक्षणी यादृच्छिक संख्या हव्या होत्या. कोष्टके साठविण्याएवढी त्यांची स्मृती नव्हती. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६ च्या सुमारास युक्ती काढली : एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, मधले अंक उचलावेत, तीच पुढची संख्या. ही युक्ती १९४८ साली एनिअ‍ॅक या संगणकावरील गणितांत वापरली गेली. गणिती नियमाने निघालेल्या संख्येला यादृच्छिक म्हणणे हे एक प्रकारचे पापच, असे त्यांनी स्वतः थट्टेने कबूल केले होते. त्या युक्तीचा दोष साध्या उदाहरणाने कळतो. ३७९२ चा वर्ग १,४३,७९,२६४. त्याचे मधले चार अंक पुन्हा ३७९२. संख्या एकदा या खड्ड्यात पडली की बाहेर येत नाही.

आपल्या वाचकांना येथे देवळालीचे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवतील. चार अंकांची, सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्या. तिच्या अंकांची सर्वांत मोठ्या मांडणीतून सर्वांत लहान मांडणी वजा करा. हीच क्रिया करीत राहिलात, तर अधिकात अधिक सात पावलांत ६१७४ वर येऊन थांबाल. हा शोध त्यांनी १९४९ साली जाहीर केला. संख्या एका जागी जाऊन स्थिरावते, यात कापरेकरांना आनंद होता. यंत्राकडून लहर मागणाऱ्यांना नेमकी त्याचीच भीती होती. डोनाल्ड क्नुथ यांनी १९५९ साली मुद्दाम गुंतागुंतीची, कोणालाही उलगडू नये अशी पद्धत रचली. ती यंत्रावर चढविताच जवळजवळ लगेच ६०६५०३८४२० या एका संख्येवर जाऊन बसली. गोंधळ माजविला म्हणजे यादृच्छिकता येते असे नव्हे, हा धडा त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात प्रांजळपणे नोंदविला.

फॉन नॉयमन यांच्या युक्तीहून टिकाऊ मार्ग डेरिक लेमर यांनी १९४९ साली दाखविला. संख्येला ठरावीक गुणकाने गुणावे, ठरावीक भाजकाने भागावे आणि बाकी घ्यावी. पुढच्या काळात या मार्गात बेरजेची एक संख्याही आली आणि तो जगभर पसरला. गुणक नीट निवडला नाही तर काय होते, हे १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवरील 'रँडू' या आज्ञावलीने दाखविले. तिचे आकडे तीन-तीन घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर सारे केवळ १५ समांतर प्रतलांवर बसत. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली या जातीच्या सर्वच पद्धतींतील हा दोष सिद्ध केला.

'सी' भाषा जन्मली ती या परंपरेत. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडविली. केन थॉम्पसन यांची 'बी' आणि मार्टिन रिचर्ड्स यांची 'बीसीपीएल' या तिच्या पूर्वज भाषा. एकाच जातीच्या वस्तूंची स्मृतीत सलग मांडलेली रांग, तिला या भाषेत 'अ‍ॅरे' म्हणतात. रांगेतील वस्तूचा क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे तिचे अंतर. पहिली वस्तू आरंभापाशीच असल्यामुळे तिचा क्रमांक शून्य. ४६ नावांच्या रांगेत शेवटचा क्रमांक ४५. ज्याने सवयीप्रमाणे १ ते ४६ अशी निवड मागितली, त्याच्या रांगेतील पहिल्या नावाला कधीच संधी नाही, आणि ४६ आला तर यंत्र रांगेबाहेरचे काहीतरी उचलते.

या भाषेचे अमेरिकन प्रमाणक १९८९ साली ठरले. त्यात 'रँड' ही आज्ञा आहे. ती शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंतची संख्या देते, आणि ती मर्यादा ३२,७६७ हून कमी नसावी, एवढेच बंधन. प्रमाणकात नमुन्यादाखल सूत्रही दिले आहे : चालू संख्येला १,१०,३५,१५,२४५ ने गुणा, १२,३४५ मिळवा; ६५,५३६ ने भागून पूर्णांक घ्या; त्याला ३२,७६८ ने भागून येणारी बाकी हे उत्तर. आरंभीची संख्या म्हणजे 'बीज'. ते कोणी दिले नाही, तर १ धरावे. रांगेतील कोणतीही एक वस्तू हवी असेल, तर 'रँड'च्या उत्तराला रांगेच्या लांबीने भागायचे आणि बाकी घ्यायची. भारतातल्या महाविद्यालयांत टर्बो सीवर शिकलेल्या पिढीने ही एका ओळीची कृती तोंडपाठ केली आहे.

आता आमच्या उत्सवातील कोडे सुटते. आमच्या तरुण मित्राच्या यंत्रात हेच नमुन्याचे सूत्र होते, आणि त्याने बीज दिलेच नव्हते. १ ला गुणून व मिळवून १,१०,३५,२७,५९०. ६५,५३६ ने भागून १६,८३८. त्याला ४६ ने भागले की बाकी २. मोजणी शून्यापासून, म्हणून वहीतील तिसरे नाव. शंभरदा आरंभ केला तरी शंभरदा तेच. वाचकांनी कागदावर करून पाहावे.

बीज विसरणे ही चूक निदान दिसते तरी. दुसरी चूक दिसत नाही, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. ० ते ३२,७६७ मिळून ३२,७६८ आकडे. त्यांना ४६ ने भागले, तर ७१२ चा भाग जाऊन १६ उरतात. म्हणजे वहीतील पहिल्या सोळा नावांना ७१३ संधी आणि उरलेल्यांना ७१२. हा फरक नगण्य आहे, हे मान्य. पण रांग २०,००० नावांची असेल तर? पहिल्या १२,७६८ नावांना दोन-दोन संधी मिळतात, उरलेल्या ७,२३२ नावांना एकच. रांग ५०,००० ची असेल, तर शेवटच्या १७,२३२ नावांना एकही नाही. ती माणसे यादीत असूनही सोडतीत नाहीत. मर्यादा मोठी असलेल्या यंत्रांवर हा कल जवळजवळ नाहीसा होतो. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याला आपल्या यंत्राची मर्यादा ठाऊक नसेल, तर तो कोणत्या बाजूस आहे हे त्याला कळत नाही. आणि यादीच्या शेवटी कोण असते? जे उशिरा आले ते.

ज्या आकड्यांची समान वाटणी होत नाही ते सोडून द्यावेत, हा नियम शेतात सूत धरून उभ्या असलेल्या आमच्या पर्यवेक्षकाला शिकविलेला होता. 'सी'च्या एका ओळीत मात्र तो बहुधा गळूनच गेला. गळला, कारण ती ओळ लहान होती आणि उत्तर तर येत होते. ते ज्ञान कोठे हरवले नव्हते; क्नुथ यांचा ग्रंथ १९६९ पासून उपलब्ध होता. पण एका विद्येतून दुसऱ्या विद्येत जाताना माणसे सूत्र बरोबर नेतात आणि त्यामागची काळजी मागे ठेवतात.

बीजाच्या बाबतीतही अशीच किंमत मोजावी लागली. बहुतेक जण घड्याळातील वेळ हे बीज म्हणून देतात. मग एकाच सेकंदात चालविलेल्या दोन आज्ञावल्या एकच निवड करतात, आणि ज्याला वेळ ठाऊक त्याला निवडही ठाऊक. डेबियन या संगणक-प्रणालीत २००६ साली 'सी'तील एक-दोन ओळी अनवधानाने वगळल्या गेल्या आणि गुप्त किल्ल्यांचे बीज सुमारे ३२ हजार शक्यतांपुरतेच उरले. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. अमेरिकेत एका बहुराज्य लॉटरीच्या सुरक्षा-अधिकाऱ्याने तर सोडतीच्या यंत्रात अशी आज्ञावली घातली की, वर्षातील ठरावीक दिवशी निघणारे आकडे त्याला आधीच काढता यावेत. २०१० च्या एका सोडतीवरून तो संशयात आला आणि २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली. तेथे पसरलेली पाच बोटे नव्हती.

'रँड' ही आज्ञा भाषेच्या २०२४ च्या प्रमाणकातही कायम आहे, आणि गंभीर कामासाठी अधिक भरवशाची साधनेही आता उपलब्ध आहेत. पण कोणतेही साधन घेतले, तरी उत्तिरमेरूरच्या त्या तीन अटी चुकत नाहीत. अजाण मुलाच्या जागी बीज आले, मडके हलविण्याच्या जागी गुणाकार आणि बाकी आली; उघडा तळहात मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो. यंत्र निःपक्षपाती आहे, असे म्हणून तो मिटून घेणे हीच खरी चूक होय.

आमच्या उत्सवात शेवटी असे झाले. त्या रात्री आमच्या तरुण मित्राने दोन ओळी वाढविल्या : ३२,७५२ वा त्याहून मोठा आकडा आला तर तो टाकून द्यावा, आणि बीज बाहेरून विचारावे. दुसऱ्या दिवशी ४६ नावांची क्रमवार यादी व सूत्र फळ्यावर लावले. प्रेक्षकांतून पाच मुलांनी एकेक अंक सांगितला. त्या पाच अंकांचे बीज सर्वांसमक्ष यंत्राला दिले आणि एक नाव निघाले. ते कोणत्या पानावरचे होते, हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. शेवटच्या पानावरील त्या दोन पालकांपैकी एक जण खिशातून पेन काढून फळ्याजवळ गेले आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी सारा गुणाकार-भागाकार करून पाहिला. त्यांना बरीच मिनिटे लागली. सभागृह थांबले होते. बाकी जुळली, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मग समई लावण्यात आली.